राष्ट्रपती थेट जनतेनं निवडावा का? बऱ्हाणपूरचे १३१ आणि आमचे १७५

केळीवाला_रावेर
परवा आमच्याकडे कापणी चालू होती. गाडी यायला उशीर झाला म्हणून सगळे बांधावर बसलो होतो. घड वाहणाऱ्या टोळीचा मुकादम मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरकडचा आहे. मोबाइलवर काहीतरी वाचता वाचता एकदम मला म्हणाला, "भाऊ, राष्ट्रपतीच्या निवडणुकीत तुमच्या आमदाराचं एक मत १७५ चं धरतात अन् आमच्याचं १३१ चं. आम्ही काय कमी वजनाची माणसं आहोत का?"

मला उत्तर देता आलं नाही. रावेरहून बऱ्हाणपूर तासाभराच्या आत येतं. माती तीच, केळी तीच, मग मतात एवढा फरक कसा?

माझं स्वतःचं मत सरळ आहे, राष्ट्रपतीसुद्धा आमदार-खासदारांनी नाही, लोकांनीच निवडावा. हे मी अनुभवावरून म्हणतोय. सरपंच सदस्यांमधून निवडायचे तेव्हाची गोष्ट. माझे नाना आमच्या वॉर्डातून निवडून आले आणि निकालाच्या रात्री जे गेले ते नऊ दिवस घरी आले नाहीत. फोन बंद. काकू रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन बसायची. सरपंच निवडीच्या दिवशी चार सदस्य एका गाडीतून थेट ग्रामपंचायतीसमोर उतरले, हात वर करून आले आणि मग घरी गेले. नानांच्या पिशवीत वणीच्या देवीचा प्रसाद आणि नवा कोरा टॉवेल निघाला. कुठं होता, कोणी नेलं, हे त्यांनी आजवर काकूलाही सांगितलेलं नाही. आम्ही ज्याला मत दिलं तो माणूस त्याचं मत देईपर्यंत आमचा राहिलाच नव्हता. तेव्हापासून मला मधला माणूस नकोच वाटतो.

जाणकारांनी सांगावं. शनिवारी टोळी परत येणार आहे, मुकादमाला उत्तर द्यायचंय.

गिरणाकाठ
आमना गावमाबी असंच व्हयनं व्हतं भाऊ. पूर्ण सहमत.

वकील_जळगाव
केळीवाला भाऊ, आधी मुकादमाचा हिशोब सोडवू, कारण त्याची शंका रास्त आहे आणि उत्तर सोपं आहे.

राज्याची लोकसंख्या भागिले निवडून आलेल्या आमदारांची संख्या, त्याला पुन्हा हजारानं भागायचं. ती एका आमदाराच्या मताची किंमत. लोकसंख्या धरतात १९७१ च्या जनगणनेची. महाराष्ट्र ५ कोटी ४ लाख, आमदार २८८, म्हणून १७५. मध्य प्रदेश ३ कोटी, आमदार २३०, भागाकार १३०.५ येतो, तो वर ओढून १३१. म्हणजे आपला एक आमदार पावणेदोन लाख माणसांच्या वतीनं मत देतो आणि त्यांचा सव्वा लाखाहून थोड्या जास्त माणसांच्या वतीनं. दर हजार माणसांमागे मत एकच, इकडेही आणि तिकडेही. वजन माणसाचं कमी नाही, आमदाराच्या पाठीमागची माणसं कमी-जास्त आहेत.

उत्तर प्रदेशचा आमदार २०८, सिक्कीमचा ७. खासदारांचं एकूण वजन आमदारांच्या एकूण वजनाएवढं ठेवतात, त्यामुळे २०२२ ला एका खासदाराचं मत ७०० चं होतं. लोकसभेचा असो की राज्यसभेचा, सारखंच.

आता नानांच्या नऊ दिवसांबद्दल. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत पक्षाला व्हिप, म्हणजे अमक्यालाच मत द्या असा आदेश, काढता येत नाही आणि मतदान गुप्त असतं. खासदाराची मतपत्रिका हिरवी, आमदाराची गुलाबी, आणि निवडणूक आयोगानं दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेनानंच पसंतीक्रम लिहायचा. ४,८०० च्या आसपास मतदार, देशभर विखुरलेले. एवढ्यांना कुठल्या डोंगरावर नेऊन ठेवणार?

तापीचं_पाणी
वकीलसाहेब, हे वाचून नवापूर स्टेशन आठवलं. तिथल्या बाकाचा एक भाग महाराष्ट्रात आणि एक गुजरातेत. आमच्या बाजूला बसलं की आमदाराचं मत १७५, त्याच बाकावर थोडं सरकलं की १४७! शाळेच्या सहलीत आम्ही त्या बाकावर दोन राज्यांत पाय ठेवून फोटो काढला होता, पण हा हिशोब कोणी सांगितला नव्हता.

निवृत्त_मास्तर_अमळनेर
केळीवाला, तुमच्या नानांची गोष्ट खरी आहे आणि अशा गोष्टी मी माझ्या नोकरीच्या चार गावांत पाहिल्या आहेत. तरीही मी तुमच्या विरुद्ध बाजूला आहे.

२०१७ ला कायदा बदलला आणि सरपंच थेट गावानं निवडायला सुरुवात झाली. २०२० ला ते रद्द केलं, २०२२ ला पुन्हा आणलं. आमच्या गावात थेट सरपंच निवडून आला तो एका गटाचा आणि सदस्य बहुसंख्य दुसऱ्या गटाचे. सरपंच म्हणतो मला अख्ख्या गावानं निवडलंय, सदस्य म्हणतात आम्हालाही गावानंच निवडलंय. दोघांचंही खरं! मासिक सभा बोलावली की गणपूर्ती नाही. जलवाहिनी फुटली होती मारुतीच्या पाराजवळ. तिच्या दुरुस्तीचा ठराव तीन सभांमध्ये अडला. बायका दुपारच्या उन्हात मळ्यातल्या विहिरीवरून पाणी आणत होत्या आणि पारावर फुटलेल्या नळाचं पाणी गटारीत जात होतं. मी रोज तिथून जायचो.

घटना समितीत नेमका हाच प्रश्न होता. जुलै १९४७ मध्ये नेहरूंनी मुद्दा मांडला की खरी सत्ता मंत्रिमंडळाकडे आणि संसदेकडे ठेवायची आहे, मग राष्ट्रपतीला सगळ्या देशाच्या मतानं निवडून आणायचं आणि अधिकार द्यायचे नाहीत हे विसंगत होईल. पुढे प्रा. के. टी. शाह यांनी थेट निवडीची दुरुस्ती सुचवली, ती फेटाळली गेली. विचार करा, २०२४ ला देशात ९६ कोटींवर मतदार होते. त्यातल्या ३०-४० कोटींची मतं घेऊन एक माणूस राष्ट्रपती भवनात बसला, तर तो पंतप्रधानांचा सल्ला ऐकून सही करेल? का करावी त्यानं? आमच्या सरपंचासारखंच तोही म्हणेल, मला देशानं निवडलंय.

कळण्याची_भाकरी
मास्तर, नळ कोणी दुरुस्त केला शेवटी?

निवृत्त_मास्तर_अमळनेर
गावातल्या दोन पोरांनी वर्गणी काढून. त्यात दोन्ही गटांचे पैसे होते.

सातपुड्याची_लेक
मी धडगाव तालुक्यातली. या धाग्यावर माझं एक म्हणणं मांडते.

२०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू निवडून आल्या तेव्हा मी आश्रमशाळेत शिकवत होते. मुलींना टीव्हीवर शपथविधी दाखवला. माझ्या वर्गात पावरा आणि भिल्ल मुली. त्यातली एक फार कमी बोलणारी मुलगी मला म्हणाली, "बाई, त्यांचं गाव पण डोंगरात आहे का?" मी म्हटलं मयूरभंज जिल्ह्यात आहे, ओडिशात. तिनं नकाशात ते शोधलं आणि बोट ठेवून बसली. ते बोट मला अजून दिसतं.

देशात आदिवासी ८.६ टक्के. सगळ्या देशाचं थेट मतदान असतं, सहा महिने प्रचार, पैसा, हेलिकॉप्टर, तर संथाल समाजातली एक बाई उभी तरी राहिली असती का? मला नाही वाटत. थोड्या संख्येच्या समाजातला माणूस तिथवर पोचायला ही मधली पायरी उपयोगी पडते.

गिरणाकाठ
ताई, तुमच्या भावनेचा आदर आहे. पण मुर्मू यांचं नाव ठरवलं कोणी? दिल्लीत पक्षाच्या बैठकीत ठरलं. त्या मुलीच्या आईवडलांना कोणी विचारलं का?

सातपुड्याची_लेक
नाही विचारलं. तिच्या आईवडलांना रेशन दुकान कधी उघडणार हेही कोणी विचारत नाही, भाऊ. थेट मतदान झालं असतं तर त्यांना एक दिवस विचारलं असतं, हे मला मान्य. पण उमेदवारांची नावं तेव्हाही दिल्लीतच ठरली असती.

कळण्याची_भाकरी
खान्देशच्या धाग्यावर २००७ कसं कोणी काढलं नाही अजून? तेव्हा राष्ट्रपती झालेल्या प्रतिभाताई पाटील आपल्या बोदवडजवळच्या नाडगावच्या. १९६२ ला जळगावातून आमदार, मग एदलाबादमधून, म्हणजे आताच्या मुक्ताईनगरातून, १९८५ पर्यंत. निकाल लागला त्या दिवशी मी जळगावात बारावीला होतो. आमच्या गल्लीत पेढे वाटले, आणि माझी आजी, जी कधी टीव्हीसमोर बसायची नाही, ती पदर सावरून बसली. "आपल्याकडची लेक," एवढंच म्हणाली.

पण दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये भांडण झालं. निम्मी पोरं म्हणत होती कलामसाहेबांना अजून पाच वर्षं द्यायला हवी होती. लोकांना विचारलं असतं तर तेच निवडून आले असते, असं ती म्हणायची. आणि मला तेव्हाही वाटायचं, आताही वाटतं, की ते खरं होतं. मतांचं गणित असं होतं की ताईंना ६,३८,११६ आणि समोरचे उमेदवार भैरोसिंह शेखावत यांना ३,३१,३०६. शिवसेना एनडीएत असूनही मराठी उमेदवार म्हणून ताईंच्या बाजूनं गेली. म्हणजे माझ्या आजीला जी लेक मिळाली ती याच पद्धतीमुळे मिळाली, आणि माझ्या मित्रांना जे कलाम हवे होते ते याच पद्धतीमुळे राहिले. मी अजून एका बाजूला जाऊ शकलेलो नाही.

पारोळेकर
त्या आजींच्या वाक्यासाठी हा धागा जपून ठेवतोय.

खान्देशी_न्यू_जर्सीत
मूळ गाव चाळीसगाव, वीस वर्षं इथं. अप्रत्यक्ष निवडणुकीचं दुखणं आम्ही इथं रोज भोगतो म्हणून लिहितो.

२००० मध्ये अल गोर यांना देशभरात बुश यांच्यापेक्षा सुमारे ५ लाख ४० हजार मतं जास्त होती. फ्लोरिडात ५३७ मतांनी मागे राहिले आणि अख्खी निवडणूक हरले. २०१६ ला हिलरी क्लिंटन यांना २८ लाखांवर मतं जास्त, तरी ट्रम्प अध्यक्ष. कारण अध्यक्ष निवडणारे ५३८ निर्वाचक, म्हणजे मधले मतदार, राज्यांना वाटलेले आहेत, आणि मेन व नेब्रास्का सोडले तर राज्यात जो पुढे त्याला तिथले सगळे. एका मतानं पुढे असला तरी सगळे!

मी राहतो त्या राज्याचा निकाल आधीच ठरलेला असतो. नदी ओलांडली की पेनसिल्व्हेनिया. तिथं माझा चुलतभाऊ राहतो. निवडणुकीच्या काळात त्याच्या दारावर रोज कोणीतरी थाप मारतं, टपालपेटी पत्रकांनी भरून वाहते, दोन्ही पक्षांचे लोक त्याची विचारपूस करतात. माझ्या दारी एकदाही कोणी आलं नाही. माझ्या मताची कोणाला गरजच नाही, हे मनाला फार लागतं. म्हणून मी केळीवाल्यांच्या बाजूचा.

वकील_जळगाव
चाळीसगावकर, तुमचं दुखणं खरं आहे, पण ते अप्रत्यक्षपणाचं नाही, तिथल्या वाटपाचं आहे. दोन गोष्टी बघा.

एक, तिथं लहान राज्याला किमान ३ निर्वाचक मिळतातच. वायोमिंगमध्ये एका निर्वाचकामागे दोन लाखांच्या आत माणसं, कॅलिफोर्नियात सात लाखांवर. आपल्याकडे सिक्कीमच्या आमदाराचं मत ७ चं आणि यूपीच्याचं २०८ चं, त्यामुळे माणशी वजन सारखं राहतं. दोन, आपल्याकडे महाराष्ट्राची ५०,४०० मतं एकगठ्ठा कोणाला जात नाहीत. प्रत्येक आमदार स्वतंत्र मत देतो, जिकडची तिकडे मोजली जातात. शिवाय निम्म्याहून जास्त मतमूल्य मिळाल्याशिवाय कोणी निवडून येत नाही. १९६९ ला पहिल्या पसंतीत कोणालाच ते मिळालं नाही, मग दुसऱ्या पसंतीची मतं मोजून व्ही. व्ही. गिरी आले. ४,२०,०७७ विरुद्ध संजीव रेड्डी यांची ४,०५,४२७. आमदारकीला तर आपल्याकडे तीस टक्क्यांवरही माणूस निवडून येतो.

धुळेकर_ताई
वकीलसाहेब, तिथंच तर गोम आहे. तीस टक्क्यांवर निवडून आलेला आमदार राष्ट्रपतीला मत देताना पूर्ण पावणेदोन लाख माणसांचं वजन घेऊन देतो. उरलेल्या सत्तर टक्क्यांचं मत कुठं गेलं? गळती शेवटच्या टाकीत नाही, पहिल्या पाइपात आहे.

वकील_जळगाव
मान्य. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

मापाडीचा_मुलगा
वडील बाजार समितीत मापाडी होते. समितीच्या निवडणुकीत सोसायट्यांचे संचालक आणि ग्रामपंचायत सदस्य मत देतात. विधान परिषदेच्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या जागेलाही नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्यच मतदार. काही शेकडा मतदार असले की प्रत्येकाचा भाव ठरतो, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. आमच्या घरासमोर राहणाऱ्या एका संचालकाकडे निवडणुकीच्या आठवड्यात तीन वेगवेगळ्या गाड्या यायच्या. चौथ्या दिवशी तो गायब.

पाकिस्तानात १९६५ ला हेच देशाच्या पातळीवर झालं. अयूब खान विरुद्ध फातिमा जिना. मतदार फक्त ८०,००० 'बेसिक डेमोक्रॅट', म्हणजे आपल्या ग्रामपंचायत सदस्यांसारखे. फातिमा जिनांच्या सभांना तुफान गर्दी व्हायची, पण त्या गर्दीला मत नव्हतं. ज्यांना मत होतं ते सरकारी यंत्रणेच्या मुठीत होते. अयूब खान निवडून आले. म्हणून वकीलसाहेबांचं '४,८०० मतदारांना कुठं नेणार' हे मला पटत नाही. ८०,००० सुद्धा वळवता येतात, सत्ता हातात असली की.

निवृत्त_मास्तर_अमळनेर
उदाहरण चपखल आहे. फरक एवढाच की अयूब खान यांच्या हातात देशाची सगळी सत्ता होती, त्यामुळे ती निवडणूक वळवायला कारण होतं. ज्याच्या हाती खरी सत्ता द्यायची त्याला लोकांनीच निवडावं, हे मीही मानतो. आपल्या राष्ट्रपतीच्या हाती ती नाही.

धुळेकर_ताई
मास्तर, आयर्लंड आणि ऑस्ट्रिया बघा. तिथं राष्ट्रपती मुख्यतः मानाचाच, तरी लोक थेट निवडतात आणि भांडणं होत नाहीत. उलट जर्मनीत १९२५ ला हिंडेनबर्ग थेट निवडून आले, हातात मोठे अधिकार होते, आणि १९३३ ला त्यांनीच हिटलरला चान्सलर नेमलं. युद्धानंतर जर्मनांनी थेट निवड बंद केली. दोन्हीकडून उदाहरणं मिळतात.

मला सगळ्यात बोलकं श्रीलंकेचं वाटतं. २०२२ ला राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे पळाले, तेव्हा संसदेनं रनिल विक्रमसिंघे यांना १३४ मतांनी राष्ट्राध्यक्ष केलं. त्यांच्या पक्षाचा संसदेत एकच खासदार होता, तोही ते स्वतःच. दोन वर्षांनी थेट निवडणूक झाली आणि लोकांनी त्यांना तिसऱ्या नंबरवर ठेवलं, १७ टक्के मतं. माणूस तोच, देश तोच. संसदेचं मन आणि लोकांचं मन किती लांब जाऊ शकतं ते इथं दिसतं.

पारोळेकर
विषयाला सोडून एक विचारतो. केळीवाला, यंदा भाव काय मिळाला?

केळीवाला_रावेर
बोर्डावर एक अन् बांधावर एक, नेहमीसारखंच. तिथंही मधला माणूस आहे. त्यावर वेगळा धागा काढतो.

फैजपूरची_माती
उशिरा आले, पण आमच्या गावाचं नाव कोणीच घेतलं नाही म्हणून लिहिते. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन फैजपूरला झालं, अध्यक्ष नेहरू. प्रौढ मतदानानं निवडलेली घटना समिती हवी, अशी मागणी त्या अधिवेशनानं केली. माझे आजोबा तेव्हा पंधरा वर्षांचे, पाण्याच्या हंड्यांवर स्वयंसेवक होते. ते सांगायचे की खेड्यातल्या माणसाला मत मिळणार, हे त्यांनी पहिल्यांदा त्या मांडवात ऐकलं.

आणि १९४६ ला प्रत्यक्षात घटना समिती निवडली ती प्रांतांच्या विधिमंडळांनी, अप्रत्यक्षपणे. त्या विधिमंडळांना मत देण्याचा अधिकारही थोड्याच लोकांना होता. माझ्या आजोबांना नव्हता. तरी त्याच समितीनं त्यांना, माझ्या आजीला आणि गावकुसाबाहेरच्या प्रत्येकाला एका फटक्यात मताचा अधिकार दिला. आजोबांनी १९५२ चं मत दिलं तो दिवस ते सणासारखा सांगायचे. त्यामुळे मधल्या माणसानं निवडलं म्हणजे लोकांचा घातच होतो, असं मला म्हणवत नाही.

गिरणाकाठ
ताई, हे माहीतच नव्हतं. माझी पहिली ओळ होती 'पूर्ण सहमत'. आता 'पूर्ण' शब्द मागे घेतो.

केळीवाला_रावेर
आज शनिवार, टोळी आली होती. मुकादमाला वकीलसाहेबांचा हिशोब कॅरेटच्या पुठ्ठ्यावर लिहून दाखवला. ५ कोटी ४ लाख, २८८, हजार. ३ कोटी, २३०, हजार. तो नीट बघत राहिला, मग म्हणाला, "म्हणजे आमदार कमी वजनाचा नाही, त्याच्या मागची माणसं कमी." एकदम बरोबर पकडलं त्यानं.

माझं स्वतःचं सांगतो. मास्तरांच्या नळामुळे माझं राष्ट्रपतीबद्दलचं मत हललं. सही करायच्या माणसाला सगळ्या देशाकडून निवडून आणायला नको, हे पटलं. पण सरपंचाबद्दल मी जागचा हललेलो नाही. तिथं तिजोरी आहे, नळ आहे, घरकुलाची यादी आहे. तो गावानंच निवडावा, आणि सदस्यांशी त्याचं जमत नसेल तर ग्रामसभेत सगळ्यांसमोर जाब द्यावा. काकू ओट्यावर बसलेली मला पुन्हा बघायची नाही.

एक राहिलं. मुकादम जाताना पुठ्ठा घेऊन गेला, आणि गाडीत चढता चढता विचारलं, "भाऊ, ही मोजणी १९७१ ची ना? माझा जन्म ८४ चा. मग मी यात कुठं मोजलोय?"

वकीलसाहेब?

वकील_जळगाव
तो यात मोजलेला नाही. मीही नाही, माझा जन्म ७८ चा. १९७६ ला ४२ व्या घटनादुरुस्तीनं १९७१ चा आकडा गोठवला, कारण कुटुंबनियोजन नीट राबवणाऱ्या राज्यांचं वजन घटू नये. पुढे ८४ व्या दुरुस्तीनं ती मुदत वाढवली. आता २०२६ नंतर जी पहिली जनगणना होईल तिचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत हाच हिशोब चालेल. तोवर केरळ आणि तमिळनाडूचं वजन माणसांच्या मानानं जास्त राहील, यूपीचं कमी. हा गोठवलेला हिशोब उघडला की उत्तर-दक्षिण वाद पेटणार, म्हणून कोणी घाई करत नाही.

त्याला म्हणावं, प्रश्न बरोबर विचारलास. आणि जनगणनेवाले दारी आले की घरी रहा.

केळीवाला_रावेर
सांगतो. पण तो कापणीच्या हंगामात घरी नसतो, आमच्या बांधावर असतो.

सातपुड्याची_लेक
आमच्याकडची निम्मी गावंही तेव्हा ऊसतोडीला गुजरातेत असतात. जनगणनेचं काम शाळेतल्या आम्हा बाईंकडेच येतं. मागच्या वेळी माझी एक सहकारी कुलूप लावलेल्या घरांपुढं उभी राहून शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारून नावं लिहीत होती. या वेळी मी सुट्टीच्या आधीच मुलींकडून घरातल्या सगळ्यांची नावं आणि वयं वहीत उतरवून घेणार आहे.